गाभण की भाकड

अकरा जुलैला काउंटीने उघड्यावर काहीही पेटवायला बंदी घातली, आणि अंगणामागचं कचरा जाळायचं पिंप तसंच गंजत उभं राहिलं. मे महिन्यात दोन सरी आल्या होत्या, त्यानंतर आभाळ कोरडंठाक. गवत घोट्याएवढं वाढून तिथंच तांबूस पडलं होतं. एक ठिणगी पडली असती तर ओढ्यापर्यंत काही उरलं नसतं. म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या शेडच्या भिंतीला रचून ठेवायच्या आणि सवड होईल तेव्हा चाळीस मैलांवर नेऊन टाकायच्या, असं अर्लिसने ठरवलं. त्या रँचवर काय कुठे ठेवायचं ते अर्लिसच ठरवायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती तिचा. वय अडुसष्ट, अंगावर मांस नाही, पण कुंपणाचा खांब एकटीने ठोकायची. पांढऱ्या दुमजली घरात ती राहायची, आणि समोर, अंगण ओलांडून चाळीस पावलांवर, तिचा मुलगा वेड, त्याची बायको डार्सी आणि त्यांची पाच वर्षांची ओपल ट्रेलर-घरात राहायची.

ऑगस्टच्या मध्यावर रॅकूननी पिशव्या फाडल्या. डार्सी पाण्याची टाकी रिकामी करून परत आली तेव्हा अर्लिस लांब दांड्याच्या काट्याने कचरा गोळा करत होती. डबे, टरफलं, ओपलचे फाटके मोजे, सगळं शेडपासून विहिरीच्या पंपापर्यंत पसरलेलं.

"राहू द्या, मी करते," डार्सी पिकअपमधून उतरत म्हणाली.

"झालंच आहे." अर्लिसने काटा जमिनीत रोवला आणि त्यावर हात ठेवले. "पाच आठवड्यांचा कचरा आहे हा. तुझं काही निघालं नाही यात."

"माझं काय?"

"बायकांचं निघतं ते. एकसुद्धा नाही."

डार्सीचे कान तापले. कचरा कुणी असा वाचेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी तिने नीट सांगितलं. ओपलच्या वेळी रक्तदाब वाढून ती मरता मरता वाचली होती, हे अर्लिसला माहीत होतंच. तेव्हापासून ती गोळ्या घ्यायची. पण मार्चमध्ये गाई विऊ लागल्या की दिवस-रात्र एक होतात, गोळी राहून जाते. म्हणून या मार्चपासून तिने काउंटीच्या नर्सकडून तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरू केलं होतं. आधी दोन महिने मधूनमधून डाग दिसले, जूनमध्ये एकदा पाळी आली, मग बंद. त्या इंजेक्शनवर बऱ्याच जणींची बंद होते, असं नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अर्लिसने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिची नजर डार्सीच्या पोटावर गेली आणि तिथेच राहिली. डार्सीचं वजन वाढलं होतं. जीन्सचं वरचं बटण लागत नव्हतं, त्यावर ती वेडचा जुना शर्ट बाहेर सोडायची.

"चार बाळंतपणं झाली माझी," अर्लिस म्हणाली. "पाळी थांबवणारं एकच औषध मला माहितीये."

तिने काटा उपटला आणि ती उरलेली टरफलं गोळा करायला लागली.

वेड तेव्हा उत्तरेला, तेलाच्या विहिरींवर होता. गेल्या हिवाळ्यातच कळून चुकलं होतं की एवढ्या गाईंवर घर चालायचं नाही. मग त्याने तिकडे काम धरलं. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. घरी आला की पहिले दोन दिवस झोपायचा, मग कुंपणं दुरुस्त करायचा आणि जायचा. बाकीचं काम डार्सीवर. एकशे चाळीस गाई, वासरं वेगळी, आणि जूनच्या शेवटी दोन्ही तळ्यांचा चिखल झालेला. एक गाय त्या चिखलात रुतून मेली. तेव्हापासून विहिरीवरून टाकी भरायची, नऊ मैलांवरच्या कुरणात नेऊन हौदात सोडायची, परत यायचं, पुन्हा भरायची. दिवसाला चार खेपा. दुपारी स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसायचा, म्हणून ती हातमोजे घालून गाडी चालवायची. शेजारच्या सीटवर ओपल, पाय डॅशबोर्डवर टाकून.

त्यातल्या दोन खेपा शेजारचा टेट लिंडक्विस्ट करायचा. टेट पस्तिशीचा, बायको सोडून गेलेली, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. त्याची टाकी डार्सीच्या टाकीच्या दुप्पट होती. बदल्यात वेड आला की त्याची यंत्रं दुरुस्त करून द्यायचा. आमच्याकडे शेजारधर्म असाच चालतो, लिहून कुणी ठेवत नाही. टेट बोलायचा कमी. हौदापाशी दोघांच्या टाक्या रिकाम्या होईपर्यंत उभं राहायचं, हवामानाला दोन शिव्या घालायच्या, ओपलला च्युइंगगम द्यायचं, आणि निघायचं. यापलीकडे त्या दोघांत काही नव्हतं. अर्लिस मात्र वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून गाड्यांची धूळ बघायची. दोन धुळी एका जागी किती वेळ थांबल्या, तेवढंच तिला तिथून दिसायचं.

त्या कचऱ्यावरच्या बोलण्यानंतर डार्सीला झोप लागेना. शंका अशी असते, दुसऱ्याने बोलून दाखवली की आपल्याही अंगात शिरते. सकाळी कॉफीचा वास नकोसा वाटला की ती दचकायची. तिने नर्सला फोन केला. नर्स म्हणाली, इंजेक्शन वेळेवर घेतलंय, पाळी नाही म्हणजे काही बिघडलंय असं नाही. फारच मनाला लागलं असेल तर एक चाचणी करून बघ, म्हणजे जिवाला शांती.

चाचणी गावातल्या दुकानात मिळायची. गाव म्हणजे एक दुकान, पेट्रोलपंप, चर्च आणि धान्याचं कोठार. गल्ल्यावर मार्डेल होती, चर्चमध्ये अर्लिसच्या शेजारी बसणारी. डार्सीने दूध घेतलं, पाव घेतला, बॅटऱ्या घेतल्या आणि त्या सगळ्यांच्या मध्ये चाचणीचं खोकं ठेवलं. मार्डेलने दूध पिशवीत टाकलं, पाव टाकला. खोकं मात्र हातात धरून चष्मा वर केला.

"वेड कधी आला होता गं शेवटचा?" तिने विचारलं.

डार्सीने पैसे ठेवले आणि उरलेले परत न घेताच निघाली. पेट्रोलपंपाच्या मागच्या संडासात, ओपलला दाराबाहेर उभं करून, तिने चाचणी केली. एकच रेघ आली. पाच मिनिटं थांबली, तरी एकच. तिला रडू आलं नाही, ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. ओपल बाहेरून दार वाजवत होती.

ती काडी अर्लिसच्या टेबलावर नेऊन आपटायला हवी होती असं तिला परतीच्या वाटेवर दहादा वाटलं. मग वाटलं, का म्हणून? कोणता गुन्हा केलाय मी? तिने ती गाडीच्या खिडकीतून पंपावरच्या पिंपात टाकली होती, आणि ते बरंच केलं असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढच्या सोमवारी टेट आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्याचा निरोप आला, टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय, जमणार नाही. गुरुवारी डार्सीने त्याला त्याच टाकीतून स्वतःच्या गाईंना पाणी सोडताना पाहिलं. कुंपणाच्या या बाजूला तिने गाडी थांबवली. टेट जवळ आला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुझ्या सासूने आमच्या आईला फोन केला होता," तो म्हणाला. "आईला हे वय झालं, डार्सी. तिला गावात तोंड दाखवायचंय."

"आणि मला?"

टेटने तारेवरून हात फिरवला. डार्सीने गाडी सुरू केली.

तेव्हापासून सहा खेपा. पहाटे चारला निघायची, ओपल झोपेतच मागच्या सीटवर. हौदाशी गाई ढुशा देत, एकमेकींच्या अंगावर चढत. वाकून जाड नळी ओढताना तिच्या कमरेत उसण भरायची. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तिने दोन खेपांच्या मध्ये साठ मैल जाऊन तिसरं इंजेक्शन घेतलं. अर्लिसने गाडीच्या मीटरवरचे ते मैल कसे हेरले कोण जाणे, पण संध्याकाळी विचारलं, कुठे गेली होतीस एवढी. डार्सीने खरं ते सांगितलं. अर्लिस हसली. नुसत्या नाकाने हसली.

वेडशी फोनवर बोलणं व्हायचं ते पाणी, डिझेल आणि ओपल यांच्याबद्दल. एकदा त्याने मध्येच म्हटलं, आई काहीतरी म्हणत होती. काय म्हणत होती, असं डार्सीने विचारलं. काही नाही, आलो की बघू, म्हणाला. मार्चमध्ये तिने त्याला इंजेक्शनबद्दल सांगितलं होतं, आणि तेव्हा तो हसून म्हणाला होता, बरं झालं, गोळी आठवण्याचं काम सुटलं. म्हणून त्या "आलो की बघू"चं तिला विशेष वाटलं नाही. वेडला माहीत आहे, या एका गोष्टीवर ती महिनाभर तग धरून होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गाई तपासायचं ठरलं. एरवी हे काम ऑक्टोबरात होतं, पण गवत होतं ऐंशी गाईंपुरतं. गाभण असतील त्या ठेवायच्या, भाकड असतील त्या सोमवारच्या लिलावात पाठवायच्या. वेड शुक्रवारी आला. रात्री एक शब्द न बोलता जेवला आणि ओपलच्या खोलीत जाऊन झोपला.

सकाळी चौघे शेजारी मदतीला आले, त्यांत टेटही होता. न येऊन चाललं नसतं. न आलेला माणूस जास्त दिसतो. जनावरांची डॉक्टर, पॉला हेगन, सातला पोचली. डाव्या हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा घालून ती गाय अडकवायच्या लोखंडी खोड्यामागे उभी राहिली. वेड आणि दोघे जण गाई खोड्याकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत घालत होते, टेट फाटकावर होता, आणि डार्सी खोड्याच्या बाजूला, हातात लसीची पिचकारी घेऊन. गाय आत आली की खोडा धाडकन मिटायचा, डार्सी मानेत सुई घालायची, डॉक्टर मागून हात घालायची आणि मान वाकडी करून, जणू दूरचं ऐकते आहे अशी, क्षणभर थांबायची.

"गाभण," ती म्हणायची. किंवा, "भाकड."

अर्लिस खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर वही. ती रेघ मारायची. टेट त्या शब्दाप्रमाणे डावं किंवा उजवं फाटक उघडायचा.

साडेनऊपर्यंत साठ गाई झाल्या. धुळीने सगळ्यांचे दात काळे झाले होते. डार्सीचा शर्ट घामाने चिकटून पोटावर ताणला होता. डॉक्टरने मोजा बदलायला जरा थांबून पाणी मागितलं. गुरांचं हंबरणंही तेवढ्यात थोडं थांबलं, आणि त्या शांततेत अर्लिस वहीतून मान वर न करता म्हणाली,

"डॉक्टर, मोजा घातलाच आहेस तर हिलाही बघून टाक. आमच्यापैकी कुणाला ठरवता येत नाहीये."

कुणी हसलं नाही. एकाने खाकरून थुंकलं. टेट फाटकाची साखळी बघत राहिला, कड्या मोजाव्यात तसा. डॉक्टर पाण्याचा पेला तोंडाशी धरून थांबली.

"मी गाई तपासते, अर्लिस," ती म्हणाली.

डार्सीने वेडकडे पाहिलं. तो गल्लीच्या टोकाला, आठ हातांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिला इंजेक्शन आहे, आई, मला माहितीये. एवढंच. वेडने हातातली काठी गाईच्या पाठीवर मारली.

"चला, पुढची घ्या," तो म्हणाला.

गाय आत आली. खोडा मिटला. डार्सीने सुई घातली, दाबली, काढली. जेवणापर्यंत अशा आणखी पन्नास गाई झाल्या.

दुपारी अर्लिसच्या घरात जेवण होतं. भाजलेलं मांस, बटाटे, कोबी. सकाळी पाचला उठून डार्सीनेच बटाटे सोलून ठेवले होते. पुरुष हात धुऊन आत गेले. डार्सीने वेडला पिकअपमागे गाठलं.

"तुला मार्चमध्ये सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "तू का नाही बोललास?"

वेड टायरला टेकला. उन्हाने त्याचे ओठ फाटले होते. तो बुटाने माती उकरू लागला.

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. "तिकडे बसून मी त्याचाच विचार करत होतो. महिन्यात मी आठ दिवस घरी. इंजेक्शनचा असर महिन्याचे सगळे दिवस. बाकीचे वीस दिवस कुणासाठी?"

पोटात बाळ नाही, हे दाखवता येत होतं. काडीवरच्या एका रेघेत ते मावत होतं. पण हे कशात मावणार? बाळ आहे म्हणावं तरी ती वाईट, बाळ नाही, त्याचा बंदोबस्त केलाय म्हणावं तरी ती वाईट. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. राग आला तो त्यानंतर.

"मी दिवसाला सहा खेपा मारते," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या गाईंना पाणी पाजते. ते वीस दिवस मी काय करते, ते त्या गाईंना विचार."

आत जाऊन तिने कुणाला वाढलं नाही. ओपलला उचललं, हातात एक पाव दिला, आणि गुरांच्या कुंपणाकडे गेली. लग्नात तिच्या वडिलांनी तिला गाई दिल्या होत्या. त्यांच्या आता अकरा झाल्या होत्या, डाव्या मांडीवर तिच्या माहेरच्या खुणेचा डाग असलेल्या. सगळ्या सकाळीच तपासून झाल्या होत्या, नऊ गाभण. डॉक्टर आपल्या गाडीच्या पायरीवर बसून सँडविच खात होती. तीही आत गेली नव्हती. डार्सीने घोडा घेतला आणि आपल्या अकरा गाई एकेक करून वेगळ्या काढायला लागली. डॉक्टरने सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं आणि काही न विचारता फाटकावर जाऊन उभी राहिली.

पुरुष जेवून बाहेर आले तेव्हा शेवटच्या दोन गाई पिकअपला जोडलेल्या गुरांच्या ट्रेलरमध्ये चढत होत्या. अर्लिस पायऱ्यांवर आली. भाकड आहेत त्या दोन इथेच राहू देत, लिलावाला जातील, असं ती म्हणाली. त्या डार्सीच्या आहेत, असं डॉक्टरने सांगितलं, डाग बघ. वेड पिकअपच्या खिडकीशी आला. त्याने दारावर हात ठेवला होता, पण धरून ठेवल्यासारखा नव्हे. नाटकं करू नकोस, म्हणाला. डार्सीने काच वर केली आणि ट्रेलर घेऊन ऐंशी मैलांवर भावाच्या घरी निघून गेली.

तिथेही लोकांनी महिने मोजायचं सोडलं नाही. आमच्याकडे अशा बाबतीत सगळ्यांचं गणित चांगलं असतं. जुलैपासून धरलं तर मार्चअखेर बाळंतपण. नोव्हेंबरात डार्सीने चौथं इंजेक्शन घेतलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिच्या भावाच्या सासुरवाडीची माणसं आली, त्यांतल्या दोघींनी तिला मिठी मारताना पोटाने अंदाज घेतला. नाताळपर्यंत जीन्सचं बटण पुन्हा लागायला लागलं होतं, कारण गुरांकडे बघायला भाऊ एकटाच होता आणि काम बैलासारखं. जानेवारीत कुणाच्याही डोळ्यांना दिसत होतं की तिच्या पोटात काही नाही, आणि नव्हतंही. मार्डेलला ते पटायला अडचण आली नाही. ती म्हणाली, मग पाडलं असेल. आठवडाभरात ते वाक्य पाच गावं फिरलं, आणि फिरून अर्लिसच्या घरी गेलं, तेव्हा त्यात दवाखान्याचं नाव आणि तारीखही आली होती. ऑगस्टमधला तो बुधवार. डार्सीने साठ मैल गाडी नेली होती तो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वेड आला. दुपारचे तीन वाजले होते, उत्तरेचा वारा बर्फाचे कण उडवत होता. डार्सी गोठ्यात गुडघ्यांवर बसली होती. तिची एक पहिलटकरीण गाय अडली होती. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, त्यांना साखळी बांधून डार्सी कळेबरोबर ओढत होती, कळ थांबली की थांबत होती. कोपरापर्यंत हात रक्ताने आणि चिकाने भरलेले.

वेड दारात उभा राहिला. टोपी हातात. तो बारीक झाला होता. तेलावरचं काम सोडलं, म्हणाला, गाई विताहेत, आई एकटीने करू शकत नाही, तिचं कंबरडं मोडलंय. ट्रेलर-घरात घर तापवायची नवी भट्टी बसवलीये. टेटच्या आईशी तो स्वतः बोलून आला होता. आपण चुकलो, असंही म्हणाला. अडखळत म्हणाला, पण म्हणाला. एवढं सगळं बोलायला तो वाटेत ऐंशी मैल तयारी करत आला असणार.

डार्सीने ऐकलं. तिच्या मनात काहीतरी सैल व्हायला लागलं होतं, हे तिने पुढे आपल्या वहिनीजवळ कबूल केलं. ओपल रोज बापाबद्दल विचारायची. गाय कळ देऊ लागली, तशी डार्सीने टाच रोवून ओढलं. डोकं आलं, जीभ निळी, लोंबती. मग खांदे, आणि मग सगळं वासरू एकदम तिच्या मांडीवर घसरलं. तिने त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, गवताची काडी नाकपुडीत घातली. वासरू शिंकलं.

वेड दोन पावलं आत आला होता. आता तिच्या अगदी जवळ उभा होता.

"मी एकच विचारतो," तो हळू म्हणाला. "मग पुन्हा कधी काढणार नाही. पाडलं नाहीस ना तू?"

डार्सीने वर पाहिलं नाही. तिने पोत्याने वासराची छाती चोळली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ते थरथरत होतं. गाय मागे वळून घशातल्या घशात हाका मारत होती. डार्सीने वासराला ओढत तिच्या तोंडाशी नेलं, आणि गाय चाटायला लागल्यावर ती उठून उभी राहिली. हात पुसले.

"जाताना दार नीट लाव," ती म्हणाली. "वासरू ओलं आहे. वारा लागेल."

वेडने टोपी घातली, बाहेर गेला, आणि खांदा लावून ते जड दार ओढून घेतलं.